लॅम्बिकचा आंबटपणा : स्वभाव कोठे संपतो आणि दोष कोठे सुरू होतो?

मुशाफिर

नमस्कार. गेल्या शनिवारी ब्रुसेल्सच्या नैर्ऋत्येला असलेल्या पायोटेनलांड या चढउतारांच्या मुलखात लॅम्बिक, म्हणजे यीस्ट न घालता आपोआप आंबू दिलेली बेल्जियन बिअर, करणाऱ्या एका लहानशा, एकाच कुटुंबाने चालवलेल्या ब्रुअरीला भेट दिली आणि तेथून ‘औदे ग्यूझ’च्या (वेगवेगळ्या वयांच्या लॅम्बिकचे मिश्रण) दोन व ‘औदे क्रीक’ची (चेरी घातलेली लॅम्बिक) एक अशा तीन बाटल्या घेऊन आलो. तळघरात उभ्याउभ्याच आम्हांला करड्या मातीच्या सुरईतून एक वर्षाची लॅम्बिक चाखायला दिली गेली. तिच्यात बुडबुडा नावालाही नव्हता आणि पहिल्याच घोटाला दात आंबले. परंतु चव स्वच्छ होती, लिंबाच्या सालीची आणि ओल्या लाकडाची आठवण करून देणारी. त्यामुळे ग्यूझबद्दल मनात बरीच अपेक्षा होती.

काल रात्री पहिली बाटली उघडली. बूच जोरात निघाले, फेस दाट आला, रंग जुन्या मधासारखा होता. पेला नाकाशी नेल्यावर मात्र थेट तबेल्याचा वास आला : घामेजलेल्या घोड्याच्या पाठीवरची घोंगडी, वाळके गवत, थोडेसे चामडे. पहिल्या घोटाचा आंबटपणा तीव्र असला तरी मला आवडला. पण गिळून झाल्यावर, दहा-बारा सेकंदांनी, जिभेच्या मागच्या बाजूला एक विचित्र चव वर आली. बंद डब्यात सादळलेल्या बिस्किटांसारखी, आणि त्याच्याही तळाशी उंदरांचा वावर असलेल्या धान्याच्या कोठीसारखी, असेच तिचे वर्णन मला करता येईल. पुढचा घोट घेतला की ती नाहीशी होत असे आणि थांबलो की पुन्हा येत असे. माझ्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणीने त्याच बाटलीतली बिअर तशाच पेल्यातून प्यायली, आणि तिला तबेल्याचा वास आला तरी ही मागाहून येणारी चव अजिबात जाणवली नाही. तिच्या मते हा सगळा माझ्या मनाचा खेळ आहे.

तबेल्याचा वास हा या बिअरचा स्वभाव समजावा की ती बाटली बिघडलेली होती? मागाहून आलेल्या चवीचे कारण काय असावे? आणि उरलेल्या दोन बाटल्या उघडाव्यात, ठेवाव्यात की परत कराव्यात? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तळघर

मुशाफिर यांस,

आपण दोन्ही गोष्टींची सरमिसळ न करता त्या वेगवेगळ्या नोंदवल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तबेला हा स्वभाव आहे. उंदीर हा दोष आहे. दोन्ही एकाच सूक्ष्मजीवाच्या घरातून येऊ शकतात, म्हणूनच नवख्याचा गोंधळ होतो.

लॅम्बिकमध्ये ब्रुअर स्वतःच्या हाताने यीस्ट घालत नाही. साधारण एक तृतीयांश मोड न आणलेला गहू आणि उरलेले मोड आणून वाळवलेले सातू यांचा काढा कित्येक तास उकळतात. त्यात घालायचा हॉप (बिअरमध्ये वापरतात ती एका वेलीची फुले) मुद्दाम दोन-तीन वर्षे जुना करून घेतलेला असतो, कारण येथे त्याच्याकडून कडूपणा नको असतो, फक्त नको त्या जीवाणूंना थोपवून धरण्याचे काम हवे असते. मग तो कढत काढा एका भल्यामोठ्या, रुंद आणि उथळ धातूच्या परातीत उपसतात. तिला फ्लेमिशमध्ये ‘कूलस्खिप’ म्हणतात आणि ती बहुधा माळ्यावर, छपराच्या अगदी खाली असते. काढा तेथे रात्रभर उघडा निवतो आणि हवेतले, तुळयांवरचे, भिंतींवरचे जे काही त्यात उतरायचे ते उतरते. हे काम साधारणपणे ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच करतात, कारण उन्हाळ्यात काढा एका रात्रीत पुरेसा निवत नाही आणि हवेतही नको त्या जंतूंची गर्दी असते. सकाळी तो लाकडी पिंपांत भरतात, आणि मग ब्रुअरच्या हाती वाट पाहण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

पिंपात एकामागून एक पाहुणे येतात आणि जातात. पहिल्या महिन्यात आतड्यांतल्या जीवाणूंच्या कुळातले काही जीवाणू धिंगाणा घालतात. या अवस्थेतली बिअर कोणी आपल्याला प्यायला देणार नाही. त्यानंतर नेहमीचे यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसीस, तीन-चार महिने मुख्य आंबवण उरकते. उन्हाळा आला की पेडिओकॉकस नावाचा जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो. या सुमारास लॅम्बिकला कधीकधी अक्षरशः तार सुटते. पेला तिरका केला तर ती तेलासारखी ओघळते. ब्रुअर याला बिअर ‘आजारी’ आहे असे म्हणतात आणि तिला हात लावत नाहीत. मग ब्रेटानोमायसीस हे यीस्ट सावकाश कामाला लागते, ती तार मोडून काढते, इतर यीस्टना न पचणाऱ्या साखरा पचवते आणि जाताजाता आपल्याला आलेला घोंगडीचा वास मागे ठेवते. रसायनांच्या भाषेत त्या वासाचा मुख्य धनी ४-इथाइलफिनॉल. या यीस्टला हे नाव १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतील क्लाउसेन यांनी दिले, आणि नावाचा अर्थ ‘ब्रिटिश बुरशी’ असा होतो, कारण त्यांना ते जुन्या इंग्रजी बिअरमध्ये सापडले होते. बेल्जियमच्या सर्वांत अस्सल बिअरचा आत्मा ब्रिटनच्या नावाने ओळखला जावा, ही गंमतच म्हणायची.

आता उंदराविषयी. त्या चवीला कारणीभूत असलेल्या संयुगांना टेट्राहायड्रोपिरिडिन म्हणतात. ती ब्रेटानोमायसीस किंवा काही लॅक्टिक जीवाणूंकडून तयार होतात, आणि बाटलीत भरताना बिअरला हवा लागली की त्यांना विशेष जोर चढतो. आपल्याला नाकाशी पेला नेताना काहीच जाणवले नाही आणि गिळल्यानंतरच जाणवले, हेच माझ्या मते निर्णायक लक्षण आहे. इतक्या आंबट द्रवात ही संयुगे उडून नाकापर्यंत पोहोचत नाहीत. तोंडातल्या लाळेने आम्लता कमी झाली की मगच ती मोकळी होतात. दहा-बारा सेकंदांचा उशीर होतो तो त्यामुळे, आणि पुढच्या घोटाने चव नाहीशी होते तीही त्यामुळेच, कारण नवा घोट तोंड पुन्हा आंबट करतो. ही चव सगळ्यांनाच येत नाही. लाळेची आम्लता आणि संवेदनशीलता माणसागणिक बदलते. तेव्हा आपल्या मनाचा खेळ नव्हता आणि आपल्या मैत्रिणीही खोटे बोलत नव्हत्या. यावरून वाद झाला असेल तर तो मिटवावा.

बाटली परत करू नका. भरून थोडेच महिने झालेल्या ग्यूझमध्ये हा दोष येतो आणि बहुतेक वेळा काही महिन्यांनी ओसरतो, कारण बाटलीतले जिवंत यीस्ट त्या संयुगांचे रूपांतर कमी जाणवणाऱ्या संयुगांत करते. लेबलवर बाटलीत भरल्याची तारीख असेल तर ती पाहावी. मला वाटते ती बरीच अलीकडची निघेल. दुसरी बाटली अंधारात, १२ अंशांच्या आसपास, आडवी ठेवा आणि सहा-आठ महिने तिला विसरून जा.

निरुपमा

‘तळघर’ यांनी कारणमीमांसा उत्तम केली आहे. मी फक्त पिण्यासंबंधी लिहिते, कारण चांगली ग्यूझ चुकीच्या पद्धतीने वाढल्यामुळे वाया गेलेली मी अनेकदा पाहिली आहे, त्यांतल्या दोनदा तर स्वतःच्याच घरी.

पहिली गोष्ट तापमानाची. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर आंबटपणा तेवढा टोकदार लागतो आणि वास मिटून जातात. बाटली अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवून, १० ते १३ अंशांवर ओतावी. पहिला पेला आणि शेवटचा पेला यांतला फरक पाहण्यासाठीच मी ७५० मिलिलिटरची बाटली दोघांत पसंत करते : सुरुवातीला गवत आणि लिंबू असते, आणि पेला हातात ऊब घेऊ लागला की द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा, हिरवे सफरचंद आणि कधीकधी कोरडी शेरी डोके वर काढते.

दुसरी गोष्ट गाळाची. तळाशी यीस्टचा साका असतो. ब्रुसेल्समधल्या जुन्या कॅफेंमध्ये ही बाटली वेताच्या आडव्या टोपलीत आणून देतात, तो थाट नव्हे. तळघरात आडवी ठेवलेली बाटली त्याच स्थितीत उघडावी म्हणजे साका ढवळला जात नाही, असा त्यामागचा हिशेब आहे. टोपली नसेल तर आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवावी. पेले एकापाठोपाठ एक लावून बाटली पुन्हा सरळ न करता सगळे भरून घ्यावेत. प्रत्येक वेळी सरळ केली की साका उसळतो. शेवटचे दोन बोटे ज्यांना आवडते त्यांनी प्यावेत. मला आवडत नाहीत, त्याने तोंडात पीठ राहते.

तिसरी गोष्ट आम्लाची, आणि हीच आपल्या मूळ प्रश्नाशी जोडलेली आहे. ‘आंबट’ या एका शब्दात आपण दोन वेगळी आम्ले कोंबतो. लॅक्टिक आम्ल जिभेच्या कडांवर बसते, लाळ सुटते, दात आंबतात, पण घसा शांत राहतो. अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले, नाकात आधी झोंबते आणि घशाशी जळते. लाकडी पिंपातून हवा आत झिरपत असल्याने त्याचा थोडा अंश प्रत्येक लॅम्बिकमध्ये असतो, आणि तो अगदीच नसेल तर बिअर मिळमिळीत वाटते. परंतु वास घेताना डोळे बारीक होऊ लागले किंवा नखांचा रंग काढायच्या द्रवाची आठवण झाली, तर त्या पिंपाला हवा जास्त लागली हे निश्चित समजावे. वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या पिंपात बाष्पीभवनाने बिअर कमी होत जाते आणि वरची मोकळी जागा वाढते. यीस्टची पातळ साय पृष्ठभागावर धरलेली असते, तिचेच काय ते संरक्षण. ती साय धक्क्याने मोडली तर पिंप हातचे गेले. घोंगडीची सवय होते, नव्हे, पुढे तिची ओढही लागते. नखांच्या रंगाची मात्र मला आजवर सवय झालेली नाही.

मी स्वतः केलेला अपराधही सांगून टाकते. पहिल्या हिवाळ्यात मी दोन बाटल्या स्वयंपाकघरात रेडिएटरच्या वरच्या फळीवर उभ्या ठेवल्या होत्या. वसंतात उघडल्या तेव्हा बूच बोटांनी फिरवताच सुटून आले, फेस आला नाही, आणि आत ओल्या पुठ्ठ्याच्या चवीचे काहीतरी उरले होते. उष्णता या बिअरची खरी शत्रू आहे. बेर्सेलच्या ‘३ फॉन्टाइनेन’ या लॅम्बिक ब्रुअरीत २००९ मध्ये थर्मोस्टॅट बिघडून कोठार तापले तेव्हा हजारो बाटल्या फुटल्या किंवा निकामी झाल्या, आणि त्यांतल्या बिअरचे ऊर्ध्वपातन करून मद्य काढावे लागले.

क्रीक मात्र ठेवू नका, तीच आधी उघडा. चेरीचा ताजा रंग आणि वास वर्षभरात विरतो, मग नुसती लालसर ग्यूझ हाती लागते.

शंकासुर

एक शंका. उंदराची चव आली की ‘थांबा, जाईल’, घोंगडीचा वास आला की ‘हाच तर स्वभाव’, फेस नाही तर ‘ही तरुण लॅम्बिक’. अशा रीतीने या बिअरमध्ये कोणतीही चूक ब्रुअरच्या अंगाला लागतच नाही. दुसऱ्या कोणत्याही धंद्यात ग्राहकाने इतके समजून घेतले नसते. त्यातच ‘सेन नदीच्या खोऱ्यातल्या हवेत असे जंतू आहेत जे जगात कोठेही नाहीत’ ही कथा जोडली जाते. ब्रुसेल्समध्ये ती नदी डोळ्यांना दिसत तरी आहे काय?

तळघर

शंकासुर यांची शंका अर्धी रास्त आहे. आधी नदीचे पाहू. ब्रुसेल्सच्या मध्यभागी सेन १८६७ ते १८७१ या काळात छताखाली गाडली गेली, आणि तरीही आंडेर्लेख्टमध्ये १९०० साली स्थापन झालेली कांतियों ब्रुअरी आजही शहराच्या वस्तीत उत्तम लॅम्बिक करते. नदीची हवा हे एकच कारण असते तर हे जमले नसते. कूलस्खिपमध्ये पडणाऱ्या जीवांना महत्त्व आहे, पण ब्रेटानोमायसीस प्रामुख्याने पिंपांच्या लाकडात, फळ्यांच्या सांध्यांत मुक्काम करून असते. पिंपे कितीही धुतली तरी ते पूर्ण निघत नाही, आणि निघू नये अशीच इच्छा असते. म्हणून जुनी ब्रुअरी नवी इमारत बांधते तेव्हा ती खोऱ्याबाहेर जाण्यापेक्षा आपली पिंपे सोडून जाण्याला अधिक घाबरते. उत्साही विक्रेत्यांची हवेची गोष्ट ऐकावी, मान डोलवावी आणि पिंपांकडे पाहावे.

ब्रुअरच्या अंगाला काहीच लागत नाही हे मात्र मला मान्य नाही, कारण ग्यूझ म्हणजे मुळात निवडीचेच काम आहे. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक चाखून, त्यांचे मिश्रण करून ती बाटलीत भरतात. तरुण लॅम्बिकमध्ये उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबून बुडबुडे आणते. तीन वर्षांची लॅम्बिक वास आणि खोली देते. केवळ हेच काम करणारे, म्हणजे स्वतः काढा न उकळता दुसऱ्यांची लॅम्बिक विकत घेऊन आपल्या पिंपांत मुरवून मिश्रण करणारे कारागीरही आहेत, आणि त्यांना फ्लेमिशमध्ये ‘ग्यूझेस्टेकर’ असा स्वतंत्र शब्द आहे. मी एकदा अशा एका तळघरात मिश्रणाच्या आधीची चाखणी पाहिली. मालकाने खडूने पिंपांवर खुणा केल्या, आणि सुमारे वीस पिंपांपैकी चारांवर फुली मारली. त्यांतल्या एकाची लॅम्बिक मला दिली तेव्हा ती मला बरी वाटली, तो म्हणाला, “आज बरी आहे. बाटलीत दोन वर्षांनी ही व्हिनेगर होईल.” ती फुली म्हणजेच ब्रुअरने घेतलेली जबाबदारी. ज्या घरात फुल्या कमी पडतात, तेथे दोष स्वभाव म्हणून विकला जातो, आणि तो शंकासुर यांनी जरूर परत करावा.

लेबल वाचण्याचीही सवय ठेवावी. ‘औदे ग्यूझ’ आणि ‘औदे क्रीक’ या नावांना १९९७ पासून युरोपीय संघाचे संरक्षण आहे : ‘औदे ग्यूझ’च्या मिश्रणाचे भारित सरासरी वय किमान एक वर्ष असावे लागते आणि त्यातला सर्वांत जुना भाग किमान तीन वर्षांचा असावा लागतो. नुसते ‘ग्यूझ’ किंवा ‘क्रीक’ लिहिलेल्या बाटलीत साखर वा गोडी आणणारे पदार्थ, फळांचा रस, गाळण आणि पाश्चरीकरण असे बरेच काही चालू शकते. तीही कोणाला आवडत असेल तर माझी हरकत नाही, पण तिच्यावरून या चर्चेतल्या बिअरविषयी मत बनवू नये.

मुशाफिर (आठ महिन्यांनंतर)

सर्वांचे आभार, आणि उशिराबद्दल क्षमस्व; उशीर हा प्रयोगाचाच भाग होता.

क्रीक निरुपमा यांच्या सल्ल्याप्रमाणे त्याच आठवड्यात उघडली. फेस गुलाबी होता, चेरीचा गर समोर होता आणि मागे बदामाची पुसट चव होती, जी फळातल्या बियांमुळे येते असे नंतर ब्रुअरीत विचारल्यावर कळले. साखर शून्य, क्रीक म्हणजे गोड पेय अशी माझी जी समजूत होती ती तेथेच संपली. उंदीर तिच्यात नव्हता.

दुसरी ग्यूझ तळघरात आडवी ठेवली होती. पहिल्या बाटलीचे लेबल मी जपून ठेवले होते. ‘तळघर’ यांचा अंदाज खरा निघाला, ती भरून तेव्हा जेमतेम अकरा आठवडे झाले होते. परवा दुसरी उघडली, बाहेर पाऊण तास ठेवून, टोपली नसल्याने आदल्या दिवसापासून उभी करून. घोंगडी आहे, पण आता ती खोलीच्या कोपऱ्यात घडी घालून ठेवल्यासारखी आहे. पुढे लिंबाची साल, कोरडे गवत आणि शेवटी तुरट, जवळजवळ खारट वाटणारा कोरडेपणा आहे. गिळून झाल्यावर मी घड्याळ लावून बसलो. दहा सेकंद, वीस सेकंद, तीस सेकंद. तिसऱ्या पेल्यापाशी, बिअर चांगली कोमट झाल्यावर, सादळलेल्या बिस्किटाची एक अगदी बारीक रेघ जाणवल्यासारखी वाटली, आणि ती खरोखर होती की मी तिची वाटच पाहत होतो, हे मला ठरवता आलेले नाही.

मैत्रिणीने दोन्ही वेळा एकच निर्वाळा दिला आहे. तिच्या मते दोन्ही बाटल्या सारख्याच होत्या, दोन्ही उत्तम होत्या, आणि पुढच्या खेपेला मी घड्याळ बाजूला ठेवावे.